वीसपैकी तेरा

सोमवार, ९ जून

तेरा गुणिले पाच, पासष्ट! हेडक्लार्कनी आकडा लिहिला आणि नव्या मुलीची रवानगी थेट नववी 'क'मध्ये. ती फ्रान्सच्या शाळेतून आली आहे. तिथे गुण वीसपैकी. "पाचाने गुणा, शंभरावर आणा. त्यात डोकं कसलं लावायचं?" मी शाळेच्या ऑफिसात नवीन — सांगितलं तसं तिचं नाव 'क'च्या यादीत लिहिलं. पण 'क'मधून 'अ'मध्ये चढलेलं इथे कुणी पाहिलेलं नाही.

मोठ्या बाईंनी तिला विचारलं, "तुझा नंबर कितवा यायचा?" ती चष्मा काढून म्हणाली, "दोन. दोन्ही डोळ्यांना." बाई हसल्या नाहीत. मी वाटभर हसत आले. मग लक्षात आलं — तिला दुसरा अर्थ माहीतच नाही! तिच्या शाळेत नंबर काढतच नव्हते.

मंगळवार, १० जून

तिच्या आईला फोन केला. "अहो, तिकडे वीस कुणालाच देत नाहीत. चौदा मिळाले तर आम्ही घरात नाचतो." हेडक्लार्कना सांगितलं. "देत नाहीत? त्यांच्या बापाचं काय जातं?"

जेवताना बाबांना सांगितलं. "वीसपैकी तेरा? माझे शंभरपैकीही त्याहून कमी होते. म्हणून तर शाळेनं मला हात जोडले!" आई मात्र चिडली. "घरातली पहिली पदवी घेतलीस, ती साहेबांशी भांडायला?"

हो! आणखी कशाला घ्यायची?

बुधवार, ११ जून

सापडलं! गुणपत्रिकेत प्रत्येक विषयापुढे दोन आकडे आहेत. दुसरा आम्ही मागच्या सहामाहीचा धरून चाललो होतो. तो अख्ख्या वर्गाची सरासरी! गणितात हिचे तेरा, वर्गाचे साडेनऊ. सगळ्या विषयांत तसंच. ही पोरगी पुढे आहे, आणि आम्ही तिला मागे बसवतोय. उद्या बोलणारच.

गुरुवार, १२ जून

मोठ्या बाईंपुढे उभी राहिले. गुणपत्रिका त्यांच्या टेबलावर ठेवली. "बाई, गुणाकार बरोबर आहे. पण तिकडचे तेरा म्हणजे आपले पासष्ट नाहीत." त्यांनी दोन्ही आकडे नीट पाहिले.

"आणि 'अ'मध्ये मागे पडली तर?"

"तर मला बोला."

"बोलेनच."

— आणि 'क' खोडला!

शुक्रवार, १३ जून

हेडक्लार्क माझ्याशी बोलत नाहीत. कामं फार भराभर उरकली.

शुक्रवार, ८ ऑगस्ट

चाचणीचा निकाल. नववी 'अ'चे नंबर फळ्यावर मीच लिहिले, वळणदार अक्षरात. पहिला नंबर — तिचा! हेडक्लार्कना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने वाचला.

मधल्या सुट्टीत ती ऑफिसच्या खिडकीशी आली. "ताई, माझ्या बाकावरची नेहमी पहिली यायची. ती आता माझ्याशी बोलत नाही. माझा नंबर पुसता येईल का?"