अंगावर काढलेले दिवस

चिंचवड, ६ जाने. ५८, सोमवार

पुण्याहून आत्ताच आलो. गाठीचा तुकडा तपासायला दिला होता त्याचा रिपोर्ट आला. डॉक्टरांनी ह्यांना आत बोलावलं आणि मला बाकावर बसवलं. जणू गाठ ह्यांच्याच छातीत आहे! दार नीट लागत नव्हतं ते बरं झालं. सगळं ऐकलं.

कॅन्सर. डावी बाजू पूर्ण काढायची, काखेतल्या गाठींसकट. मग मुंबईला क्ष-किरणांचा शेक.

बाहेर येऊन हे म्हणाले, "काही नाही गं, जराशी सूज आहे." मी म्हटलं, "हो का?"

निघताना डॉक्टर मला एवढंच म्हणाले, "बाई, दसऱ्यापासून अंगावर काढलंत तुम्ही."

७ जाने.

अंगावर काढलं म्हणे! छबी सव्वा वर्षाची, अजून अंगावर पिते. म्हणून सगळ्यांनी दुधाची गाठ ठरवली. मीही. सासूबाई रोज एरंडाचं पान शेकून बांधायच्या. "दुधाचीच हाय गं. मला थोरल्याच्या वक्ताला अशीच व्हती." दुखत नव्हती म्हणून मी निवांत. न दुखणारीच आधी दाखवायची असते म्हणे. हे बायकांना कोण सांगतं? व्हर्नाक्युलर फायनलला नद्या पाठ केल्या, उगमापासून मुखापर्यंत. अंगात काय चाललंय त्याचा पत्ता नाही.

छबीला आजपासून तोडायचं. कडुलिंबाचा पाला वाटून लावला. तोंड लावलं, थू केलं, आणि माझ्याकडे अशी बघत राहिली जणू मी चोर आहे. मेलं रडू थांबेना. तिचं नव्हे, माझं.

९ जाने., गुरु.

परत पुणे. २० तारखेला खाट ठेवलीय. त्यापुढं थांबायचं नाही, काखेत पसरतंय. ऑपरेशनच्या संमतीचा फॉर्म दिला. माझी सही आहेच, पण खाली नवऱ्याचीही पाहिजे. नर्सला विचारलं, माझं अंग, माझी सही, पुरे नाही का? म्हणाली, "नवऱ्याची नसली तर डॉक्टर हात लावत नाहीत, बाई. आणि खाडाखोड चालत नाही, जपून भरा." नवऱ्याऐवजी करायला मला वडील नाहीत, भाऊ नाही.

घरी येऊन ह्यांनी फॉर्म ट्रंकेत टाकला. वर वन्संची शाल.

१० जाने.

हे रात्रभर पाठ करून झोपले होते. सकाळी डबा हातात देताना विचारलं, सही कधी? म्हणाले, "बघू."

'बघू' म्हणजे काय ते मला माहीत आहे. नऊ वर्षांपूर्वी वन्सं, म्हणजे ह्यांची धाकटी बहीण, पोटाच्या ऑपरेशनला गेली. तिचा नवरा परगावी, मामंजी वारलेले. सही ह्यांनी केली. ती टेबलावरून उठलीच नाही. कुणी एका शब्दानं बोललं नाही ह्यांना. तेच वाईट झालं. शिव्या घातल्या असत्या तर मोकळे झाले असते.

त्यात ह्यांची नोकरी देहूरोडच्या लष्करी डेपोत, फाटकावर. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक मालाला चिठ्ठी. परत यायचा असेल तर कोपऱ्यात तांबड्या पेन्सिलीनं 'परत येणे' आणि पुढं तारीख. नाही आला तर सही करणाऱ्याची चौकशी. दिवसाला पन्नास सह्या करतो हा माणूस!

संध्याकाळी बोलले एकदाचे. "इंदू, तिथं लिहिलंय, माझ्या जबाबदारीवर. जिथं माझी सही, तिथं माल माझ्या अंगावर. परत नाही आला तर मलाच विचारणार."

"कोण विचारणार? आणि मी काय माल आहे?"

हे उठले. पाणी प्यायले, बाहेर जाऊन बसले.

१२ जाने., रवि.

आळंदीला नेलं. तिथल्या एका वैद्यबुवांचा लेप म्हणे अक्सीर. मी एस.टी.त विचारलं, डॉक्टर सोडून हे का? म्हणाले, "वैद्यबुवा सही मागत नाहीत." हसू की रडू!

बुवा म्हातारे, ताठ. नाडी बघितली, काखेत दोन बोटं लावली. "डॉक्टरनं तारीख दिलीय का?" मी म्हटलं, वीस. बुवा ह्यांच्यावरच उखडले. "मग इथं कशाला आणलीत? माझ्या लेपानं चामडी शांत होईल, आतलं नाही. जा घरी."

ह्यांचा चेहरा पडला. मला आधी बरं वाटलं. मग ह्यांची कीव आली. मग कीव आल्याचा राग आला. कीव माझी यायला पाहिजे ना कुणाला तरी?

१४ जाने., संक्रांत

वाण लुटलं. सगळ्या म्हणाल्या, इंदूताई, वाळलात. म्हटलं, छबी फार पिते. खोटं बोलायची सवय लागलीय.

बायका गेल्यावर मागच्या दारानं हमीदाबी आली तिळगूळ घ्यायला. शेजारीण. नवऱ्याचं सायकलींचं दुकान, हिचं शिवणयंत्र. माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "काय गं, कोण मेलं?" आणि मी बोलून गेले. पहिल्यांदा, पूर्ण नाव घेऊन.

ती रडली नाही. मशिनीवरचा टेप आणून माझं माप घेऊ लागली! "माझ्या आपाचं, थोरल्या बहिणीचं, निघालंय. सहा वर्षं झाली. अजून मला शिव्या घालते." चोळीला आतून खिसा शिवणार म्हणे. "कापूस नको, वर सरकतो. बाजरी भर. वजन बरोबर बसतं, बाई वाकडी दिसत नाही." आणि हात आखडू द्यायचा नाही. भिंतीला बोटं लावून मुंगीसारखी वर चढवायची, पोचतील तिथं कोळशाची खूण. रोज खूण वर गेली पाहिजे. आपाची भिंत काळी झाली होती.

एवढं हसले नव्हते पंधरा दिवसांत. बाजरी!

१६ जाने.

ट्रंक उघडली. फॉर्म तसाच. कोरा.

आज दुपारी ह्यांची सही गिरवली. ह्याच वहीत, मागच्या पानावर. पहिल्या दोन फसल्या. चौथी हुबेहूब. 'र'ची शेपटी सुद्धा. घाबरून वही मिटली.

केली तर डॉक्टरांना कळणार नाही. ह्यांना कळेल. आणि माझं काही बरंवाईट झालं तर जन्मभर म्हणतील, मी केली नव्हती तरी गेली. की त्यानं सुटतील उलट? कळत नाही. चार दिवस उरलेत.

१७ जाने., शुक्र.

भांडण. आवाज चढला माझा, चढू दे. म्हटलं, "तुम्हाला तुमच्या सहीची पडलीय. मला मरायची भीती वाटते हो! छबीला माझं तोंडही आठवणार नाही."

सासूबाई उंबऱ्यात. त्यांना आजवर सूजच सांगितली होती. त्यांनी सगळं ऐकलं. आत आल्या, ह्यांच्या पुढ्यात बसल्या.

"पान मी बांधलं रं. दसऱ्यापास्नं. दुधाची हाय म्हणून मीच बसवून ठिवली हिला. तुला न्हाई जमत तर त्यो कागद हिकडं आण. माझा अंगठा लाव."

"तुझा चालत नाही, आई."

"मग चालतो त्यो लाव की!"

हे उठून गेले. सासूबाई माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. अकरा वर्षांत पहिल्यांदा. मी रडले नाही, त्याच रडल्या.

१८ जाने.

हमीदाबीनं चोळ्या आणून दिल्या, दोन. घट्ट झाल्या आहेत, सध्या.

१९ जाने., रवि.

पिशवी भरली. लुगडी दोन, तांब्या, चोळ्या, बाजरीची पुडी वेगळी. जाणार आहे की नाही ठाऊक नव्हतं तरी भरली.

चहाच्या वेळी ह्यांनी फॉर्म माझ्यापुढं ठेवला. सही आहे. खरी. माझ्या चौथीपेक्षा वाकडी आली आहे.

आणि वर कोपऱ्यात, तांबड्या पेन्सिलीनं: परत येणे.

"अहो, हे काय केलंत! खाडाखोड चालत नाही म्हणाली होती ती."

"त्याशिवाय मला करता येईना."

आता डॉक्टर चालवून घेतात की तोंडावर फेकतात, देव जाणे. फेकला तर दुसरा कोरा मागून घेईन. वहीचं मागचं पान फाडलेलं नाही. ह्यांना ते सांगितलं नाही.

सकाळची पहिली गाडी. छबी सासूबाईंच्या मांडीवर झोपलीय. आता माझ्याकडे येतच नाही, कडू लागते मी तिला.

फॉर्म पुन्हा बघितला. 'परत येणे'च्या पुढं रेघ ओढलीय, मोकळीच. म्हटलं, "तारीख राहिली."

म्हणाले, "ती आल्यावर तू घाल."