काम चालू आहे

वागळे इस्टेट, ठाणे
२८ जून १९९८

चि. सौ. सुमतीस दादाचे अनेक उत्तम आशीर्वाद. (उत्तमच असणार, देणाऱ्याचं नावच ते आहे.)

तुझं पत्र पोचलं. फोन का करत नाहीस म्हणून विचारतेस, तर गाळ्यातली लाईन खराब आहे. पलीकडचा माणूस पाण्याखालून बोलतोय असं वाटतं. तक्रार केली आहे, बघू.

इकडे वॉशर कापायचे प्रेस चालू आहेत, प्रेसवरचा धोंडिबा चालू आहे, मीही चालू आहे. तुझ्या शीलावहिनीला जाऊन पुढच्या महिन्यात वर्ष होईल. तिची खुर्ची अजून फोनजवळच ठेवली आहे.

मुद्द्याचं सांगतो. आपले वॉशर घेणाऱ्या पुण्याच्या पंपवाल्या कंपनीचं परिपत्रक आलं. त्यांच्या पर्चेसच्या नाबर साहेबांनी खाली स्वतःच्या हाताने लिहिलंय की, माल पुरवणाऱ्यांनी इंटरनेटवर आपलं पान ठेवावं, ई-मेल घ्यावा, म्हणजे सगळा व्यवहार लेखी होईल. सुमे, ‘लेखी’ हा शब्द वाचून मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! आपला निम्म्याहून जास्त माल तेच उचलतात. ते गेले तर गाळ्याला कुलूप. तुमच्या डोंबिवलीत शिकलेली माणसं पायलीला पन्नास. असं पान करून देणारं कुणी असेल तर बघ.

तुझा,
दादा


मानपाडा रोड, डोंबिवली (पूर्व)
५ जुलै १९९८

ती. दादास सुमतीचा शि. सा. न. वि. वि.

रागावू नकोस, पण लाईन खराब नाही, कान खराब आहेत. तीस वर्षं प्रेसच्या पुढ्यात उभं राहिल्यावर दुसरं काय होणार? वहिनी होती तोवर फोन ती घ्यायची, चिठ्ठी लिहून तुझ्यापुढे सरकवायची, आणि गिऱ्हाइकांना वाटायचं मालक कामात आहेत. आता उरलात तू आणि धोंडिबा. दोघांचे मिळून चार कान, पण एकही कामाचा नाही. कानाला यंत्र लाव म्हटलं की तू म्हणतोस, बहिऱ्याला ऑर्डर कोण देणार. पुरे, तुझ्याशी वाद घालून माझाच घसा बसतो.

आमच्या वरच्या मजल्यावर हेमा राहते. छापखान्यात अक्षरजुळणी करायची. तो बंद पडला तेव्हा हिने कॉम्प्युटर घरी आणला, आणि आता इंटरनेटची पानं बनवते. कुणाची नोकर नाही. याला फ्रीलान्स म्हणतात म्हणे. आजवर एका लग्नाच्या हॉलचं आणि एका दातांच्या डॉक्टरचं पान केलंय. तुझं सांगितलं तर म्हणाली, आधी माल आणि गाळा बघितला पाहिजे. मला तिचं ते आवडलं. पुढच्या आठवड्यात पाठवते.

एकच विनंती. तिच्यापुढे सगळ्याला हो हो म्हणू नकोस. ऐकू आलं नाही तर सरळ वही पुढे कर.

तुझी,
सुमती


ठाणे
२ ऑगस्ट १९९८

चि. सौ. सुमतीस अनेक आशीर्वाद.

तुझी हेमा येऊन गेली. खाकी कागदावर वॉशर मांडून तिने फोटो काढले, धोंडिबाचाही काढला. मुलगी गुणी आहे, पण बोलते इतकं हळू की देवाला नवस सांगतेय असं वाटावं. तू बजावलं होतंस, तरी परक्या बाईसमोर वही पुढे करायला माझा हात होईना. तिने जे जे विचारलं त्याला मी हो म्हटलेलं.

काल स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत तिने नमुना दाखवला. काळ्या पानावर आपले वॉशर जत्रेतल्या पाळण्यासारखे गरगर फिरत होते. मी खूश. मग बघतो तर आजूबाजूची सगळी माणसं माझ्याकडे वळून हसतायत. पान उघडलं की सनई वाजत होती, आणि तीही लग्नघरासारखी मोठ्याने! सनई ठेवू का, असं तिने गाळ्यात विचारलं होतं म्हणे. मला ते तिने लिहून दाखवल्यावर कळलं, आणि तिला माझ्या चेहऱ्यावरून सगळंच कळलं. बिचारीने पर्समधून वही काढली आणि त्यापुढचं एकेक लिहून विचारलं. सनई काढली, काळा रंगही काढला. तिला सांग, बाहेर कुठे बोलू नकोस.

पानाचा पत्ता तिने लिहून दिला, तो मी लगेच नाबर साहेबांना पत्राने कळवला. शुभस्य शीघ्रम्.

दादा


डोंबिवली
६ सप्टेंबर १९९८

ती. दादास शि. सा. न.

पान तयार व्हायच्या आधीच पत्ता कळवून मोकळा झालास? बाजारात तुरी, त्यातली गत. गणपतीत तू आला नाहीस, म्हणून हे सगळं लिहितेय.

हेमा म्हणते, सगळं झालंय, एक ओळ अडलीय. संपर्काची. चार वेळा कागद तुझ्याकडून परत आला. पहिल्यांदा फोन नंबर घाल म्हणालास, मग काढ म्हणालास. नंबर नसेल तर लोकांना संशय येईल म्हणून परत घालायला लावलास, शेवटी ‘मालक कामात असतात’ असं लिही म्हणालास. तिने साधी ओळ सुचवली होती : मालकांना कमी ऐकू येतं, कृपया लिहून कळवावं. ती तू इतकी खोडलीस की कागद फाटला. दादा, यात कसली रे लाज? तू काही चोरी केली आहेस का? गाळ्यासाठी कान गेलेत तुझे. मला तर वाटतं ते पाटीवर लिहावं.

तू ठरवेपर्यंत तिने पत्त्यावर तात्पुरतं पान ठेवलंय. वर तुझं नाव, खाली ‘अंडर कन्स्ट्रक्शन’ आणि पिवळी टोपी घालून फावड्याने खणणारा एक छोटा माणूस. पान अजून तयार होतंय, असा त्याचा अर्थ. सगळेच तसं ठेवतात म्हणे. पण जास्त दिवस ठेवणं बरं नाही, तेव्हा ओळ लवकर कळव. जेवणाची आबाळ करू नकोस.

सुमती


ठाणे
४ ऑक्टोबर १९९८

चि. सौ. सुमतीस अनेक आशीर्वाद, आणि दसऱ्याचं सोनं घ्यावं.

यंदा प्रेसची पूजा धोंडिबाने केली. झेंडूच्या माळा त्यानेच ओवल्या. आदल्या रात्री टेंभी नाक्याला देवीच्या दर्शनाच्या रांगेत उभा होता, त्यामुळे आरतीत डुलक्या घेत होता.

आणि ऐक, दसऱ्याच्या सकाळी खुद्द नाबर साहेबांचा फोन! उचलायला दुसरं कोण आहे, मीच उचलला. ‘नाबर’ कळलं, ‘इंटरनेट’ कळलं, पान पाहिलं असंही म्हणाले. पुढचं नीट आलं नाही, पण दसऱ्याला माणूस दुसरं काय बोलणार? शुभेच्छाच. मी म्हटलं, हो हो साहेब, अगदी बरोबर, तुमच्याच कृपेने सगळं. बराच वेळ बोलले. इतक्या वर्षांत एवढ्या आपुलकीने कधी बोलले नव्हते. पुढच्या वर्षाची ऑर्डर पक्की समज.

तेव्हा त्या एका ओळीची घाई नको. दिवाळी होऊ दे, मग बघू. हेमाला फराळाला बोलाव.

तुझा,
दादा


ठाणे
७ नोव्हेंबर १९९८

चि. सुमतीस,

काल पुण्याहून टेम्पो आला. डाय न्यायला. तुला माहीत आहे, ज्या पोलादी साच्यावर वॉशर कापतात ती डाय. ती मालकीने गिऱ्हाइकाची, आपल्याकडे फक्त ठेवलेली. त्या पुणेवाल्यांच्या अकरा डाय अठरा वर्षं आपल्या फळीवर होत्या. ड्रायव्हर काही म्हणाला, मी हो हो म्हटलं. मला वाटलं, धार लावायला नेतायत. जड असतात म्हणून मी स्वतः हात लावला. त्याला चहा पाजला. टेम्पो सुरू केल्यावर त्याने पाकीट दिलं.

नाबर साहेबांचं पत्र उतरवून काढतो :

‘इंटरनेटवरील आपल्या पानावर बांधकाम सुरू असल्याचे पाहिले. वागळे इस्टेटमधले गाळे एकामागून एक बिल्डरांकडे जात आहेत, हे आम्ही जाणतोच. तरी खात्रीसाठी दसऱ्यास फोन केला असता, आपण गाळा बंद करीत असल्याचे आनंदाने सांगितलेत. त्यानुसार काम दुसरीकडे सोपवले आहे. एवढ्या वर्षांच्या साथीबद्दल आभार. निवृत्तीच्या शुभेच्छा.’

आनंदाने. हा शब्द मी किती वेळा वाचला असेन, सुमे. त्यांचं काय चुकलं? आपल्या शेजारचे दोन गाळे पाडलेत, तिथे पिवळ्या टोपीची माणसं रोज खणतायत. त्यांनी पान बघितलं, वर मला विचारलंही. घर जाळायला दुसरं कोणी आलं नाही, माझं मीच जाळलं.

दादा


डोंबिवली
११ नोव्हेंबर १९९८

ती. दादास शि. सा. न.

तुझं पत्र हेमाला वाचून दाखवलं. ती रडली. तो खणणारा माणूस तिने त्याच दिवशी काढून टाकला, आणि सारखं म्हणते की चूक माझी. मी म्हणते चूक माझी. तुझ्या लाजेला मी इतकी वर्षं हसण्यावारी नेलं. वहिनी गेल्यावर ती खुर्ची कुणीतरी धरायला हवी होती, ते मला सुचलं नाही.

पण दादा, आता रडत बसू नकोस. त्यांना पत्र लिहू नकोस, फोनचं तर नावच काढू नकोस. पुण्याला जा आणि नाबर साहेबांसमोर उभा राहून सांग की मला ऐकू येत नाही. एवढं एकच वाक्य. ते माणूस आहेत, समजून घेतील. हेमा सोबत यायला तयार आहे. नाही गेलास तर माझी शपथ आहे.

तुझी,
सुमती


ठाणे
२२ नोव्हेंबर १९९८

चि. सौ. सुमतीस अनेक आशीर्वाद.

तुझी शपथ मोडली नाही. जाऊन आलो. हेमाला नेलं नाही, हे एकट्यानेच करायचं होतं.

साहेब मला बघून उभे राहिले, हात हातात घेतला, निवृत्तीबद्दलच काही विचारत असावेत. मी म्हटलं, साहेब, मला ऐकू येत नाही. दसऱ्याला तुम्ही काय विचारलंत ते मला ऐकूच आलं नव्हतं. बहुतेक फार मोठ्याने बोललो, कारण सगळं ऑफिस मान वर करून बघायला लागलं. ते खाली बसले. मग कागद ओढून लिहिलं की दुसरीकडे करार झालाय, डाय तिकडच्या प्रेसवर चढल्यात, माल निघायला लागलाय, आता हातात काही नाही. कागद माझ्याकडे वळवला आणि परत आपल्याकडे घेतला. खाली आणखी एक ओळ लिहिली : आधी सांगितलं असतंत, तर फोन कशाला केला असता? पत्र लिहिलं असतं.

गेटपर्यंत सोडायला आले. काही बोलले नाहीत. माझ्याशी बोलू नये, लिहावं, एवढं त्यांना दोन मिनिटांत कळलं. मला इतक्या वर्षांत कळलं नाही.

बाकीच्या गिऱ्हाइकांच्या कामावर दोन महिने निघतील, फार तर अडीच. धोंडिबाला मी कागदावर लिहून सांगितलं. त्याला वाचता येत नाही हे माझ्या ध्यानातच नव्हतं. शेवटी हातवारे करून सांगितलं. त्याने मान डोलावली आणि पुन्हा प्रेसवर जाऊन उभा राहिला.

हेमाला सांग, तिची काही चूक नाही, आणि पान पुरं कर म्हणावं. संपर्काची ओळ देतो. फोन नंबर नको. ‘मालक बहिरे आहेत. कृपया लिहावे.’ कमी ऐकू येतं वगैरे नको, बहिरे असंच लिही. ती विचारेल की आता कुणासाठी? कुणासाठी नाही. एकदा कुठेतरी ते लिहिलेलं मला बघायचं आहे.

तू लिहीत राहा. मला तुझा आधार लागतो, आणि हे लिहायला आता लाज वाटत नाही.

तुझा,
दादा