हेल्मेटच्या आत

शनिवार, १७ जानेवारी, संध्याकाळ. अल नहदा, घरी

सई आत झोपलीय. डॉक्टरांनी झोपू द्या म्हटलंय, तरी मी सारखा डोकावून येतोय.

सकाळी तिची अमेरिकन फुटबॉलची मॅच होती. दहा वर्षांची पोर. समोरची मुलगी अंगावर आली, दोघींची हेल्मेटं आपटली आणि सई आडवी झाली. मी काय केलं? बाहेरून ओरडलो, "ऊठ सई, यल्ला! चल, चल!" ती उठली, खेळली. मी टाळ्या वाजवल्या.

गाडीत तिने विचारलं, "बाबा, डिड वी विन?" हो म्हटलं. सिग्नलला पुन्हा तेच. पुढे पुलाखाली पुन्हा तेच, जणू पहिल्यांदाच विचारतेय. गाडी सरळ हॉस्पिटलकडे वळवली.

डॉक्टर म्हणाल्या, मेंदूला हादरा बसलाय. "हेल्मेटने कवटी वाचते, आतला मेंदू हलायचा तो हलतोच. पडल्यावर लगेच बाहेर का नाही काढलं तिला?"



मग त्यांनी सईला विचारलं, याआधी असं कधी झालं होतं का? तिने माझ्याकडे पाहिलं. "लास्ट मंथ. ट्वाइस."

"घरी का नाही सांगितलंस?"

"बाबा वॉज सो हॅपी."

ट्वाइस! आणि मला पत्ता नाही.

घरी येऊन कोचला कळवलं, सई यापुढे खेळणार नाही. उत्तर आलं, "शी इज अ फायटर, सर." कालपर्यंत हेच वाक्य मी ऑफिसभर मिरवलं असतं.