तुझ्या पानातलं वरण

माय, आज तुझी तिथी. श्राद्ध तिकडे खामगावात दादा करतो. मी इथे मलकापुरात देवापुढं नुसतं एक पान वाढते आणि मग ते गायीला घालते. भात, कढी, भाजी, पोळी, सगळं असतं. तुरीचं वरण तेवढं नसतं. सुनेनं पहिल्या वर्षी विचारलं होतं, "आई, वरण राहिलं का?" मी म्हटलं, "ती खात नव्हती." हे अर्धंच खरं. वरणाएवढं तुला दुसरं काहीच आवडत नव्हतं.

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं तेव्हाची गोष्ट. कापसाच्या जिनिंगमागची आपली खोली, बाबा तिथंच वजनकाट्यावर. दिवाळीपासून होळीपर्यंत कापसाची फुई उडायची, झाकण नसलेल्या हंड्यात तिची साय धरायची आणि माझी छाती वाजायची. त्या दुपारी मी गोधड्यांना टेकून बसलेय, श्वास आत जातो पण बाहेर येत नाही, बाटलीतलं औषध संपलंय आणि चुलीवर वरण उकळतंय. तू भगुणं उतरवलंस, देवीच्या तसबिरीपुढं हात जोडलेस. "माये, हिचा दम ने. तवरक तुरीची डाळ मी तोंडाले लावनार नाही. दम गेला की हिच्याच हातानं घास घेईन." बाबा दारातून म्हणाले, "अवं, कारलं सोड नं. डाळ काऊन सोडतं?" "कारलं सोडलं तं देवी हासन मले," असं म्हणून तू भाकर ठेच्याशी खाल्लीस. पुढं आम्हाला वरण वाढताना तू वाटीकडे बघायची नाहीस.

मी मॅट्रिक झाले त्या साली दम बराच दबला होता. तू वाटी घेऊन माझ्यापुढं बसलीस. "आता भरव." मी चार बुकं शिकलेली. "माय, वरणाचा आन् दमाचा काय संबंध? खायचं तर खा, मी कायले भरवू?" तू वाटीवर झाकण ठेवलंस. त्या झाकणाचा आवाज मला अजून येतो.

लग्नानंतर पहिलं बाळंतपण सासरीच झालं, त्यात दम परत आला. तुला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू आणखी काही सोडलं असतंस. माहेरी आले की प्रत्येक खेपेला तू विचारायचीस, "दम गेला नं, बाई?" मी म्हणायची, "हाव, गेला." "मंग भरव." तोवर सासरच्या देवघरात माझंही मन देवाला लागलं होतं. तोंडानं खोटं बोलवत होतं, पण देवीच्या नावाचा घास खोट्या हातानं उचलवेना. "आज सोमवार आहे, पुढल्या खेपेला." तू हसायचीस. "तुरीच्या डाळीले सोमवार कायचा व?" एकदा तर चतुर्थी नसताना मी चतुर्थी सांगितली. मग तू अंथरुणाला खिळलीस, आणि मी पोचायच्या आत गेलीस. वहिनीनं चमच्यानं वरणाचं पाणी दिलं, तर तू तोंड मिटून घेतलंस, असं दादानं सांगितलं.

यंदा माझा पायाचा अंगठा सुजला, जिना चढताना धाप लागायला लागली. मुलगा डॉक्टरकडे घेऊन गेला. त्यांनी रक्त काढलं आणि एका नळीत जोरानं फुंकायला लावलं. पैसे किती झाले ते मुलानं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी फुंकायला बसलेच नसते. रक्तात युरिक ॲसिड जास्त आणि फुप्फुसाचा जोर कमी, असं निघालं. मी विचारलं, "डॉक्टर, या दोहोंचा काही संबंध?" ते म्हणाले, "आजी, हे दोन्ही पुष्कळदा एकाच माणसात सापडतं. श्वास कमी पडतो म्हणून ॲसिड वाढतं, की ॲसिड वाढलं म्हणून श्वास कमी पडतो, हे नक्की नाही सांगता येत. तुम्ही सध्या अंगठ्यासाठी तुरीची डाळ सोडा." सोडा, म्हणाले! मला हसू आलं, हसता हसता खोकला आला, मुलगा घाबरला. तुझ्या डाळीनं माझा दम जाणार नव्हता, हे मला आजही कळतं. पण संबंध काय, हे तुला मी ज्या तोऱ्यात विचारलं होतं, तो तोरा डॉक्टरांच्या आवाजात नव्हता. त्यांनी पुढं विचारलं, "लहानपणी दमा होता?" मी म्हटलं, "होता. गेला." तोंडातून तेच निघालं. नाही गेला म्हणावं, तर तुझी सगळी वर्षं वाया.

आज पानात वरण वाढलं, वर तूप सोडलं. घास कालवला आणि पानाच्या कडेला तुझ्या बाजूनं ठेवला. दम गेला नाही, माय. मधे दबला होता, एवढंच. तरी तू खा. देवीला मी सांगते काय सांगायचं ते.

हे पत्र कुठल्या पेटीत पडायचं नाही. पान गायीला नेताना सुनेनं विचारलं, "आई, भगुण्यातलं वरण काय करू? तुम्हाला तर बंद आहे." मी म्हटलं, "अन्न टाकवत नाही," आणि भातावर घेऊन खाल्लं. टाकवत नाही हे खरंच आहे. पण माय, मलाही ते फार आवडतं.