बांगड्या ऐकवणारा फ्यूज

पेण, ५ जानेवारी २०२४

चि. रेचलला शालोम आणि अनेक आशीर्वाद,

फोनवर तू हल्ली पुटपुटतेस आणि रोह्याच्या नेटवर्कचं रडगाणं तर नेहमीचंच, म्हणून पत्र.

तुझ्या शीरावहिनीने जाण्याआधी घातलेल्या शेवटच्या मलिद्याची, त्या प्रार्थनेतल्या गाण्याची टेप पूर्वीसारखी वाजत नाही गो. गाता गाता पोह्यांत खोबरं कालवताना तिच्या काचेच्या बांगड्या किणकिणायच्या, त्याच गायब. अॅम्प्लिफायरच्या फ्यूजमुळे असं होतं, असं वाचलं. म्हणून कंपनीचा साधा काचेचा काढून चांदीचा मागवला, मग सोन्याच्या टोकांचा. त्यावर बाण असतो, तो उलटसुलट करूनही पाहिला. हस, हस. तुझी वहिनीही हसली असती. पण टेपवरून ती पुसली जातेय या भीतीने माझं जेवणावरचं मन उडालंय. सोन्याच्यानेही जमलं नाही, तर ही टेप मी पुन्हा लावणार नाही.

पुढच्या रविवारी ये. लहानपणापासून तुझे कान तिखट. लोभ आहेच, तो घेऊनच ये.

तुझा,
एलियासदादा

रोहा, १५ जानेवारी २०२४

ती. एलियासदादास शालोम व सा. न. वि. वि.,

काल घरी पोचले, पण जीव तुझ्यापाशीच राहिला. एकेक फ्यूज बदलून तू माझ्या तोंडाकडे बघत होतास, आलं काय गो ऐकू, म्हणून विचारत होतास. मला फरक कळत नाही, एवढंच मी म्हटलं. पुढचं बोलायचा धीर झाला नाही, ते आता लिहिते.

दादा, बांगड्या तिन्ही फ्यूजांत वाजत होत्या. साध्या काचेच्यातही अगदी स्वच्छ. तुझ्या कुकरच्या शिट्ट्या झाल्या, त्याही तुला कळल्या नाहीत; भात करपल्याचा वास आला तेव्हा उठलास. मी पुटपुटत नाही रे. टेप धड आहे. तू कान दाखव. माझ्यावर हवा तेवढा राग धर, पण शीरावहिनीला कपाटात कोंडू नकोस.

रागातही थोडा लोभ राहू दे.

तुझी,
रेचल

पेण, २ फेब्रुवारी २०२४

चि. रेचलला शालोम व आशीर्वाद,

तुझं पत्र वाचून इतका भडकलो, की वाट्टेल ते लिहिलं आणि फाडून टाकलं. मग गेलो डॉक्टरकडे. त्याने कानांना हेडफोन लावले आणि आवाज आला की बटण दाबायला सांगितलं. सुरुवातीला दाबलं. मग बराच वेळ हाताला काही कामच नाही, म्हणून मशीन बंद पडलं काय, असं मी विचारलं. ते चालूच होतं.

कानाला यंत्र मिळेल. त्यातून बांगड्या ऐकू येतील का, ते तो सांगत नाही. फार वाईट वाटलं गो. घरी येऊन कंपनीचाच फ्यूज परत बसवला.

रविवारी पुन्हा ये. टेप लावू. गाणं मला ऐकू येतं. तू माझा हात धरून बस, आणि बांगड्या वाजल्या की दाब.

मोठ्याने बोलायची तयारी ठेव, लोभही वाढव.

तुझा,
एलियासदादा