पिंजरे त्याच जागी

प्रिय एलिदा,

आधी रडणं थांबव, मी जिवंत आहे. उजव्या हातावर शिपायाने बंदुकीचा दस्ता घातला, म्हणून डाव्याने लिहितोय.

परक्यांच्या युद्धनौकेने माझे समुद्रात टाकलेले मासे धरायचे पिंजरे तोडले आणि माझं डोकंच फिरलं. मी तिच्या पाण्याखालच्या पंख्यात साखळी फेकली. धूड जागीच अडकलं!

इथे कोर्टात न्यायाधीश म्हणाले, "व्हिएकेस बेटाच्या त्या पाण्यात परवानगीशिवाय शिरलास कसा?"

"साहेब, तुमच्या जहाजाला परवानगी कुणी दिली?"

तुरुंगाची शिक्षा वाढली. हसू नकोस.

त्या झटापटीत जखमी झालेला तुझ्या भावाचा डोळा वाचला का? त्यांच्या सरावाचे बाँब पडतात तोवर पोरीला किनाऱ्यावर सोडू नकोस.

होडी विकायची नाही. भावाला दिसत नसेल तर पिंजरे तूच टाक, त्याच जागी. पिंजऱ्यांच्या खुणेचे, वर तरंगणारे डबे लाल रंगव. जहाजावरून दिसले पाहिजेत.

तुझाच,
सिरिलो