काळी कढई काकांना मिळू नये म्हणून

मी, वाल्मीक पंढरीनाथ उबाळे, राहणार कामतघर, भिवंडी, काल अठरा वर्षं पुरी केली. डोकं ठिकाणावर आहे, नशापाणी करत नाही, हे लिहायला मला कुणी धमकावलेलं नाही. आधी एवढं लिहावंच लागतं असं दाजींनी सांगितलं. दाजी आमच्याच चाळीत राहतात आणि कोर्टाबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहितात. सोमवारी मुंबईला माझ्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, काळजी करू नका. पण म्हणताना ते आईकडे बघत नव्हते. म्हणून हा कागद. मला चार माणसांत तोंड उघडता येत नाही, हे सगळ्या चाळीला माहीत आहे. आता वाचा.

माझी शाळेची पुस्तकं चिंतामणी गुरुजींना परत द्यावी. आठवीत त्यांनी मला धडा वाचायला उभं केलं. मला धाप लागली, शब्द फुटेना. गुरुजी म्हणाले, "तोंड हाय का नुसतं भोक?" पोरं हसली, गुरुजी पण हसले, स्वतःच्याच विनोदावर. दुसऱ्या दिवसापासून मी गेलो नाही. माझ्या छातीत काय आहे ते त्यांना कळलं नाही, आणि धड्यात काय आहे ते तरी कुठे कळत होतं. पुस्तकं कोरी आहेत, त्यांना उपयोगी पडतील.

माझा निळा स्वेटर आईला. तिने तो स्वतः घालावा, उगाच पेटीत ठेवू नये.

आता दाण्यांचं. मसाल्याचे खारे दाणे आमच्या घरात बाबांनी सुरू केले. ते गेल्यावर मी भाजायला लागलो. शाळा सुटलेली, पळायची मनाई, चुलीपुढे बसून जमणारं काम हेच होतं. केसरीनाथ काका, म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, लूमच्या कारखान्यात मेहता, म्हणजे कामगारांवर देखरेख करणारे, आहेत. शिफ्ट सुटली की गेटवर उभे राहून ते माझे दाणे विकतात, आणि पुडीवर नाव कुणाचं? केसरीनाथचे दाणे! या माणसाला कच्चा दाणा आणि भाजलेला दाणा दातानेसुद्धा ओळखता येत नाही.

गेल्या दिवाळीत मी तापाने पडलो होतो तेव्हा काकांनी स्वतः दाणे केले. मसाला लावलेले ओले दाणे कढईत सुकवायचे सोडून, उन्हात लवकर सुकतील म्हणून, लूमच्या छपराच्या पत्र्यावर पसरले. त्या पत्र्यावर दिवसभर कापसाची रुई उडून बसते हे कामतघरचं शेंबडं पोर पण सांगेल. पंधरा वर्षं तिथे नोकरी करणाऱ्या मेहत्याला दिसलं नाही. संध्याकाळी एकेका दाण्याला पांढरी दाढी आलेली. एका कामगाराने पुडी उघडून विचारलं, "मेहताजी, ये दाना है के मौलाना?" सगळा गेट हसला. काका घरी येऊन ओरडले, "ह्या पोराने मसाला चिकट केला!" मी गोधडीत होतो. त्यातले मूठभर दाणे मी एका डबीत ठेवलेत. ती डबी केसरीनाथ काकांना. दाढीसकट.

मागच्या आठवड्यात काका आईला म्हणाले, "वाल्मीकचं काय खरं न्हाय वहिनी. सरलाला चुलीवर बसवा आता. नववी शिकून दाणे गोड भाजले जातात काय?" सरला माझी बहीण. ती वर्गात हात वर करून बोलते. आमच्या घरात असं कुणीच केलेलं नाही. आईला काकांशी भांडता येत नाही, कारण खोली काकांच्या नावावर आहे. तेव्हा आईची मावशी कमळाबाई तिच्या कोन गावाहून आलेली होती. ती म्हणाली, "केसरी, तुझी माधवी टायपिंगला जाते ना? तिला बसव की चुलीपुढं!" काका म्हणाले, "माधवीचे हात खराब होतील." सरलाचे हात काय लोखंडाचे आहेत?

म्हणून दाण्यांची कृती मी कुणा एकाला ठेवत नाही. दाजींनी ती नळावर, सगळ्या बायका जमल्या की मोठ्याने वाचावी. दाणे मिठाच्या पाण्यात बुडवून लगेच काढायचे आणि फडक्यावर निथळू द्यायचे. कढईत जाडं मीठ चांगलं तापवायचं, त्यात दाणे घालून हलवत राहायचं. तडतड थांबली की चाळायचे. लाल मिरची, लसूण, आमचूर, काळं मीठ थोड्या पाण्यात वाटून गरम दाण्यांना चोळायचं आणि परत कोमट कढईत कोरडे होईपर्यंत हलवायचं. बाहेर वाळत घालायचे नाहीत. संपलं. यात काकांचं काय होतं ते त्यांनी नळावर येऊन दाखवावं.

कढई बाबांची. त्यांनी फिटरकडून जाड पत्र्याची करून घेतलेली, आता आतून काळी गुळगुळीत झाली आहे. दुसऱ्या भांड्यात दाणे डागतात. ही कढई, झारा आणि चाळण कमळाबाईला. हे नुसतं लिहून भागणार नाही. मी गेलो तर काका कागद वाचत बसणार नाहीत, कढई उचलतील आणि सरलाला तिच्यापुढे बसवतील. म्हणून आज सकाळीच दाजी रिक्षाने कढई कोनला पोचवून आले. कमळाबाईने तिथल्या तिथे तिच्यात भाजी टाकली. आता तिला लसणाचा नाही, वांग्याचा वास आहे.

मी जिवंत परत आलो तर हा कागद फाडावा. डबी मात्र काकांना द्यावीच, आणि कढई परत मागायला कुणी कोनला जाऊ नये, मी पण जाणार नाही. मी दुसरं काम बघेन. सरला दहावीला बसेल.

वर लिहिलेलं मी दाजींना वाचून दाखवलं. मोठ्याने. मध्ये दोनदा थांबलो, ते हसले नाहीत.

वाल्मीक पंढरीनाथ उबाळे (सही)

साक्षीदार: दाजी (सही)
साक्षीदार: धोंडूबाई, शेजारीण (डाव्या हाताचा अंगठा)

कामतघर, भिवंडी
७ फेब्रुवारी १९९२